‘जड उचलू नये’ या तीन शब्दांविषयी: स्तनाच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात स्तनाच्या कर्करोगावर उपचार करणारे शल्यचिकित्सक, किमोथेरपी व रेडिएशन विभागांतील डॉक्टर आणि त्यांच्या रुग्णालयांचे व्यवस्थापन यांस,

विषय: शस्त्रक्रियेनंतर डिस्चार्ज कार्डावर लिहिल्या जाणाऱ्या व्यायामाच्या सूचनेबाबत.

सविनय नमस्कार.

चार वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, माझा उजवा स्तन आणि उजव्या काखेतील लसिकाग्रंथी शस्त्रक्रियेने काढण्यात आल्या. सहाव्या दिवशी घरी जाताना जे डिस्चार्ज कार्ड हातात पडले, त्यावर औषधांची यादी होती, ड्रेनच्या, म्हणजे जखमेतले पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, बाटलीत रोज किती पाणी साठते ते लिहून ठेवण्यासाठी तक्ता होता, पुढच्या तारखा होत्या आणि सर्वांत खाली, छापील मजकुराखाली पेनाने लिहिलेली एक ओळ होती: ‘उजव्या हाताने जड उचलू नये.’ हे पत्र त्या ओळीविषयी आहे.

माझ्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांविषयी मला तक्रार करायची नाही. त्यांनी आपले काम उत्तम केले, म्हणूनच मी आज हे लिहू शकते आहे. रुग्णालयाचे नाव लिहिण्याचेही कारण नाही, कारण पुढे किमोच्या खुर्चीवर, रेडिएशनच्या बाकावर आणि तपासणीच्या रांगेत ज्या बायका भेटल्या, त्या वेगवेगळ्या शहरांतून आणि वेगवेगळ्या रुग्णालयांतून आल्या होत्या, आणि मी विचारले तेव्हा बहुतेकींच्या फायलीत हीच ओळ निघाली. काहींच्या कार्डावर ‘हाताला जपावे’ असे होते. एकीच्या कार्डावर काहीच नव्हते, पण वॉर्डातल्या मावशींनी तिला तेच तोंडी सांगितले होते.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे लेखी सूचना जशीच्या तशी पाळायची सवय आहे. जड म्हणजे किती किलो आणि उचलू नये ते किती दिवस, हे त्या ओळीत नव्हते. ज्या सूचनेला मुदत नसते ती रुग्ण जन्मभराची धरून चालतो. मी पदराच्या आधाराने हात पोटाशी धरून वावरू लागले. केस विंचरायला बहीण, ब्लाउज चढवायला मुलगी, कणीक मळायला शेजारच्या काकू. सगळ्यांनी प्रेमानेच केले, आणि प्रत्येकीने ‘हात हलवू नकोस हं’ असे वरून बजावले. या काळात किमोची आठ चक्रे पार पडली. साडेपाच महिन्यांनी रेडिएशनच्या नियोजनासाठी मला स्कॅनच्या टेबलावर झोपवून हात डोक्यावर घ्यायला सांगितले, तेव्हा माझा उजवा हात कानाच्या उंचीपर्यंतसुद्धा जाईना. ‘मॅडम, अजून थोडा वर,’ असे तो टेक्निशियन मुलगा तीनदा अजिजीने म्हणाला. चौथ्यांदा तो काही बोलला नाही, डॉक्टरांना बोलवायला गेला. छातीवर किरण द्यायचे तर हात वाटेतून बाजूला हवा आणि रोज त्याच जागी निश्चल हवा, ही साधी गोष्ट मला त्या दिवशी कळली. रेडिएशन तीन आठवडे पुढे गेले आणि मला फिजिओथेरपी विभागात पाठवण्यात आले. तिथल्या ताईंनी खांदा तपासून विचारले, ‘इतके महिने कुठे होतात?’ मी म्हटले, ‘याच इमारतीत, तुमच्या दोन मजले वर.’

त्या तीन आठवड्यांत खांदा सुटताना जे दुखले, ते शस्त्रक्रियेपेक्षा अधिक होते. ते दुखणे आजाराने दिलेले नव्हते, म्हणून त्याचा राग आला. राग ओसरल्यावर मी वाचायला बसले.

‘जड उचलू नये’ या सल्ल्यामागची भीती खोटी नाही, हे आधी मान्य करते. काखेतील ग्रंथी काढल्या किंवा त्यांच्यावर किरण पडले की हातातून परतणाऱ्या लसिकेची, म्हणजे ऊतींतील पाण्यासारख्या द्रवाची, वाट अरुंद होते, द्रव साचतो आणि हात सुजतो. यालाच आपण लिम्फेडेमा म्हणता. काखेची पूर्ण शस्त्रक्रिया झालेल्या साधारण पाचांपैकी एका स्त्रीला ही सूज येते. केवळ सेंटिनल ग्रंथी, म्हणजे स्तनातली लसिका सर्वांत आधी पोहोचते त्या एक-दोन ग्रंथी, काढून तपासलेल्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात पाच-सहा इतके खाली येते. एकदा सूज जुनी झाली की ती आटोक्यात ठेवता येते, पण बहुधा पुरती जात नाही. म्हणून जुन्या पिढीच्या डॉक्टरांनी तर्क केला की स्नायूंनी जोर केला म्हणजे रक्तप्रवाह वाढणार, रक्तप्रवाह वाढला म्हणजे लसिका वाढणार, आणि वाट अरुंद असल्याने ती तुंबणार. तर्क सुसंगत होता. मात्र फार वर्षे तो कोणी तपासून पाहिला नव्हता.

तो तपासण्याचे धाडस कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये झाले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या चोवीस स्त्रियांना ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी, चालवायला बसवले. वल्हवणे त्यांनी जाणूनबुजून निवडले होते, कारण खांदा, दंड आणि पाठ यांना त्यात पुन्हापुन्हा जोर करावा लागतो, आणि वर्ज्य मानले गेलेले काम नेमके तेच होते. आधी व्यायामशाळेत तयारी करून घेतली आणि मगच पाण्यात उतरवले. एकीलाही नव्याने सूज आली नाही आणि जिला आधीपासून होती तिची वाढली नाही. चोवीस ही संख्या लहान आहे, त्यावरून नियम काढता येणार नाही, हे मी माझ्या नववीच्या वर्गालाही सांगेन. पण पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. कॅथरिन श्मिट्झ यांनी रीतसर यादृच्छिक चाचण्या, म्हणजे कोणी व्यायाम करायचा हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या चाचण्या, केल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत आधीच हात सुजलेल्या १४१ स्त्रिया होत्या. त्यांपैकी निम्म्या जणींनी आठवड्यातून दोनदा हळूहळू वाढत्या वजनाचे व्यायाम केले. वर्षअखेर त्यांचे हात इतरांपेक्षा अधिक सुजलेले नव्हते. उलट सूज अचानक उसळण्याचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत १४ टक्के आणि न करणाऱ्यांत २९ टक्के निघाले. पुढच्या वर्षीची दुसरी चाचणी सूज नसलेल्या, पण धोका असलेल्या १५४ स्त्रियांची होती. तीत पाच किंवा अधिक ग्रंथी काढलेल्या, म्हणजे माझ्यासारख्या, स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या ७ टक्के जणींना सूज आली, न करणाऱ्या २२ टक्के जणींना.

या चाचण्यांतील स्त्रियांनी पहिल्या दिवशीच डंबेल्स उचलली नव्हती, हेही इथेच सांगितले पाहिजे, कारण अर्धवट वाचलेली बातमी पूर्ण बंदीइतकीच घातक ठरेल. पहिले तेरा आठवडे त्या प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली होत्या. सुरुवात अगदी हलक्या वजनापासून होती, वजन वाढवायचे ते हाताला काही त्रास नसेल तरच आणि तेही लहानात लहान टप्प्याने. ज्यांना सूज होती त्यांनी मापाची दाबाची बाही, म्हणजे सूज आवरणारी घट्ट लवचिक बाही, घालूनच व्यायाम केला. मध्ये खंड पडला तर पुन्हा खालून सुरुवात. बंदी आणि मोकाट सूट यांच्या मधली ही जागा आहे, आणि आपल्या कार्डावरील ओळीत तीच गाळली जाते.

आता त्या ‘जड’ या शब्दाकडे वळते. रेडिएशनच्या काळात माझ्या शेजारी बसणाऱ्या एका बाईंचे गाव डोंगरावर होते आणि उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येत असे. भरलेली कळशी दहा-बारा किलोची होते. त्यांना मी विचारले, ‘मग पाणी कोण भरते?’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘मीच की. डाव्या हातानं उचलते, उजव्यानं नुसती धरते. डॉक्टरांना सांगू नका.’ आपल्या सूचनेचे प्रत्यक्षात काय होते ते या उत्तरात सगळे आहे. जिच्या घरी दुसरे कोणी आहे, तिचा हात माझ्यासारखा आखडतो. जिच्या घरी कोणी नाही, ती दुसऱ्या आठवड्यापासून कळशी, दळणाचा डबा, ओल्या कपड्यांची बादली, वैरणीचा भारा आणि कडेवरचे नातवंड उचलू लागते, तेही कमकुवत झालेल्या हाताने, कोणतीही तयारी नसताना, आणि मनात चोरी बाळगून. हात दुखला वा सुजला तरी ती आपल्याकडे लवकर येत नाही, कारण आपण सांगितलेले मोडले म्हणून रागवाल अशी तिला धास्ती असते. तिला जर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून, म्हणजे अर्ध्या किलोपासून, सुरुवात करून तीन-चार महिन्यांत कळशीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता आखून दिला, तर ती तो नक्की चालेल. उचलणे तिला चुकणारे नाहीच.

तेव्हा कार्डावर काय असावे, याविषयी एक रुग्ण म्हणून, आणि मला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडून मसुदा तपासून घेऊन, मी लिहिते आहे. चुकले असेल तिथे आपण दुरुस्त करावे.

पहिला आठवडा-दहा दिवस, ड्रेन असेपर्यंत, हात निश्चल ठेवायचा नसतो. मूठ उघडझाप करणे, मनगट फिरवणे, कोपर वाकवणे-सरळ करणे, खांदे वर उचलून सोडणे, दीर्घ श्वास घेणे, आणि हात पुढून व बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंतच नेणे, एवढे करायचे असते. त्याच हाताने स्वतः जेवणे आणि तोंड धुणे हाही व्यायामच. उठून वॉर्डात चालायचे. याच काळात ‘जड उचलू नये’ ही सूचना योग्य आहे आणि तिच्यासमोर मुदत लिहिली तर ती पुरेशीही आहे. ड्रेन निघाला, जखम भरू लागली, पाणी साचलेले नाही असे आपण पाहिले, की पुढचा टप्पा: भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढणे आणि रोज किती वर पोहोचलो तिथे पेन्सिलीने खूण करणे, पाठीवर झोपून दोन्ही हातांत लाटणे किंवा काठी धरून डोक्यामागे नेणे, मानेमागे हात गुंफून कोपरे उघडणे. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा मी अजून पुसलेल्या नाहीत, रंगकाम करणाऱ्यालाही तेवढी जागा सोडायला लावली. ज्यांच्या स्तनाची पुनर्रचना पोटाचा किंवा पाठीचा भाग घेऊन झाली आहे, त्यांचे वेळापत्रक वेगळे असते आणि ते शल्यचिकित्सकांनीच लिहून द्यावे.

काखेपासून कोपरापर्यंत त्वचेखाली ताणलेल्या सुतळीसारखी दोरी जाणवू लागते, हे अनेकींना होते आणि पहिल्यांदा हाताला लागते तेव्हा आजार परतला असे वाटून जीव जातो. मलाही तसेच वाटले होते. ही दोरी हळुवार ताणाने बहुतेक वेळा जाते, एवढे एक वाक्य आधी कोणी सांगितले असते तर मी दोन रात्री जागून काढल्या नसत्या.

किमोच्या काळाविषयी तर पूर्ण शांतता असते, किंवा ‘विश्रांती घ्या’ एवढेच सांगितले जाते. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात रोग बरा करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असतानाच चालण्यासारखा आणि ताकदीचा असा दोन्ही प्रकारचा व्यायाम रुग्णांना सुचवावा, असे स्पष्ट म्हटले आहे. कॅनडात किमो सुरू होणाऱ्या २४२ स्त्रियांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वजनाचे व्यायाम करणाऱ्या गटातील अधिक स्त्रिया किमोची ठरलेली मात्रा जवळजवळ पूर्ण घेऊ शकल्या. किमोचा थकवा झोपेने जात नाही, हे जिने भोगले तिला सांगावे लागत नाही. दहा तास झोपूनही अंगात शिसे ओतल्यासारखे वाटते. त्यावर चालणे हा उपाय आहे, हे मला रुग्णालयातून कळले नाही, आमच्या दूधवाल्या आजींकडून कळले. त्यांच्या बहिणीला हा आजार झाला होता आणि ती ‘अंगणात फेऱ्या मारून तगली’ असे त्या म्हणाल्या. मी सुरुवात ओसरीच्या दहा फेऱ्यांनी केली. किमोनंतरचे पहिले तीन-चार दिवस दोनदा पाच-पाच मिनिटे, तिसऱ्या आठवड्यात अर्धा तास. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालायचे, हे माप यंत्राशिवाय कोणालाही कळते.

मात्र किमोतला व्यायाम म्हणजे नेटाने रेटणे नव्हे, आणि कुठे थांबायचे हे न सांगता ‘चाला’ म्हणणे हाही निष्काळजीपणाच ठरेल. ताप शंभर पूर्णांक चार दशांश फॅरनहाइट किंवा अधिक असेल तर व्यायाम नाही, ताबडतोब रुग्णालय गाठायचे. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात त्या दिवसांत गर्दीची जिम आणि सामाईक मॅट टाळायची, मोकळ्यावर चालायचे. हिमोग्लोबिन फार खाली असेल, चक्कर येत असेल, प्लेटलेट्स कमी होऊन अंगावर निळे डाग उठत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायचे. पॅक्लिटॅक्सेल या किमोच्या औषधाने तळपाय बधिर होतात, तेव्हा चपलेखाली खडा आला तरी कळत नाही. अशा वेळी पहाटेच्या अंधारात खडबडीत रस्त्यावर फिरण्यापेक्षा घरात, बूट घालून, भिंतीच्या आधाराने चालणे किंवा खुर्चीत बसून उठबस करणे बरे. हातात पिक लाइन, म्हणजे औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली लांब नळी, असेल तर पोहायचे नाही. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब ही कर्करोगाची औषधे घेतलेल्या स्त्रियांच्या हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणूनच आपण त्यांची टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करवता. मग त्याच कागदावर हेही लिहा की नेहमीच्या जिन्यावर नव्याने दम लागू लागला, पावलांना सूज आली, छातीत दुखले किंवा धडधड वाढली, तर व्यायाम थांबवून कळवावे. इकोचा रिपोर्ट आपण वाचता, पण जिना आम्ही चढतो.

रेडिएशनच्या काळात त्वचा भाजल्यासारखी होते, घामाने चुरचुरते. सैल सुती कपडे, सकाळची वेळ, त्वचा पूर्ण भरेपर्यंत तरणतलाव नाही, एवढी पथ्ये पुरतात. इथे जी गोष्ट सांगायची राहते ती अशी की किरणांमुळे ऊती घट्ट होण्याची क्रिया उपचार संपल्यावरही कित्येक महिने चालू राहते, म्हणून खांद्याचे ताण शेवटच्या दिवशी बंद करायचे नसतात. सुटलेला खांदा नंतर पुन्हा आखडलेल्या दोघी मला माहीत आहेत.

शरीरातील इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या पाच-पाच, काहींना त्याहून अधिक वर्षे घ्याव्या लागतात. सकाळी बोटे मिटत नाहीत, गुडघे बोलतात, हाडे विरळ होत जातात, आणि या दुखण्यामुळे काही जणी गोळी गुपचूप बंद करतात, ही आपल्या ओपीडीत कोणी कबूल न करणारी गोष्ट मी बाकावर बसून ऐकलेली आहे. या गोळ्यांमुळे सांधे दुखणाऱ्या १२१ स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभराच्या चालण्याने आणि आठवड्यातून दोनदा केलेल्या वजनाच्या व्यायामाने सांधेदुखी कमी झाली. हाड ठिसूळ झाल्याचे हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये दिसले असेल, तर पाठ गोल करून खाली वाकत वजन उचलणे आणि कमरेतून झटक्याने वळणे टाळावे. कळशी उचलतानाही गुडघ्यांत बसावे, हे त्या डोंगरावरच्या बाईंना माझ्याआधी ठाऊक होते.

ज्यांचा आजार हाडांत किंवा अन्यत्र पसरला आहे, त्यांना सहसा व्यायामाच्या चर्चेतूनच वगळले जाते. युरोपातील पाच देशांत आणि ऑस्ट्रेलियात मिळून अशा ३५७ रुग्णांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत देखरेखीखालच्या व्यायामाने थकवा कमी झाला आणि रोजचे जगणे सुधारले. इथे देखरेख हा शब्द महत्त्वाचा आहे. कोणते हाड पोखरलेले आहे ते पाहून त्यावर भार येणार नाही असा व्यायाम तज्ज्ञानेच ठरवायचा, आणि पाठीत नवे दुखणे, पायांत अचानक कमजोरी, लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही झाले तर तासही न घालवता रुग्णालयात यायचे.

योगाविषयी आपल्याकडे दोन टोके आहेत. कोणी सर्व काही योगाने बरे होते म्हणतो, कोणी कर्करोगाच्या रुग्णाने आसनांना हातच लावू नये म्हणतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ८५० स्त्रियांवर योगाची यादृच्छिक चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये सॅन अँटोनिओच्या परिषदेत मांडले. वर्तमानपत्रांनी योगाने फायदा होतो असे मथळे दिले, पण त्या चाचणीत योगाची तुलना स्वस्थ बसण्याशी झाली नव्हती, नेहमीच्या व्यायामाशी झाली होती, हे मथळ्यांत आले नाही. म्हणजे तिथे दोन्ही बाजूंच्या स्त्रिया हलत होत्या. आमच्या वसाहतीतील योगवर्गात मात्र माझा इतिहास न विचारता पहिल्याच दिवशी अधोमुख श्वानासन घ्यायला लावले होते, आणि सगळे वजन खांद्यांवर आल्यावर मी तिथेच बसून घेतले. शिक्षकांचा दोष म्हणवत नाही. त्यांना दाखवायला माझ्याकडे कागदच नव्हता.

आपण म्हणाल, ओपीडीत शंभर रुग्ण असतात, एकेकीला चार मिनिटे मिळतात, फिजिओथेरपिस्टची पदे रिकामी आहेत. हे सगळे मी पाहिले आहे. देशात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे, आणि त्या गर्दीचा एक हिस्सा आपल्या दारात असतो. म्हणून मी प्रत्येकीसाठी व्यायामशाळा मागत नाही. इंग्लंडमध्ये सतरा केंद्रांत खांद्याच्या त्रासाचा धोका जास्त असलेल्या ३९२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिजिओथेरपिस्टच्या तीन प्रत्यक्ष भेटी आणि गरज पडल्यास आणखी तीन, प्रत्यक्ष वा फोनवर, एवढीच योजना होती. वर्षानंतर त्या स्त्रियांचे हात फक्त माहितीपत्रक मिळालेल्यांपेक्षा चांगले काम करत होते. यातून हेही कळते की नुसता कागद पुरत नाही. पण आपल्याकडे तो कागदही नाही.

माझ्या विनंत्या अशा आहेत. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दोन्ही हातांची मापे शिंप्याच्या टेपने चार ठिकाणी घेऊन केसपेपरवर लिहावीत. पुढे सूज आली की नाही हे ठरवायला मूळ माप हवे, आणि ते घ्यायला सिस्टरना तीन मिनिटे पुरतात. डिस्चार्ज कार्डाबरोबर मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह एक पान द्यावे, ज्यात प्रत्येक सूचनेपुढे ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ असे दोन रकाने असतील. त्याच पानावर हाताच्या सुजेची पहिली चिन्हे आमच्या भाषेत असावीत: बांगडी किंवा अंगठी घट्ट होणे, ब्लाउजची एक बाही रुतणे, हात जड वाटणे. हात लाल, गरम होऊन ताप आला तर तो जंतुसंसर्ग आहे, त्याच दिवशी यावे, हेही असावे. ड्रेन काढायला येईल त्या दिवशीच फिजिओथेरपीची पहिली भेट ठेवावी, म्हणजे एसटीचे वेगळे भाडे आणि बुडालेला रोज दोन्ही वाचतील. दुसरी भेट किमोच्या एखाद्या तारखेला आणि तिसरी रेडिएशनच्या नियोजनाआधी ठेवावी, जेणेकरून टेबलावर झोपल्यावर कोणाला ‘अजून थोडा वर’ ऐकावे लागणार नाही. जिथे पद रिकामे आहे, तिथे जवळच्या फिजिओथेरपी महाविद्यालयातील इंटर्न आठवड्यातून एक दिवस येऊ शकतील का, याची विचारणा रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने करावी. आणि पान देताना सोबत आलेल्या नवऱ्याला, मुलाला, सासूबाईंना समोर बसवून वाचून दाखवावे, कारण घरी हात हलवू न देणारे तेच असतात, आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही.

मी आता आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास चालते, दोन दिवस वजने घेते. उजव्या हाताने चार किलो उचलते, त्यावर जाण्याची घाई नाही. शाळेच्या फळ्याच्या वरच्या कडेला तारीख लिहिता येते. गेल्या श्रावणात भाचीच्या मंगळागौरीला झिम्मा खेळले. फुगडी मात्र एकच घातली, तीही अर्धी, कारण समोरची हात ओढते आणि तो झटका मला नको असतो.

वर सुचवलेल्या पानाचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यातील चित्रे आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी काढली आहेत आणि त्यावर कोणाचाही हक्क राखलेला नाही. आपल्या रुग्णालयाचे नाव घालून तो तसाच छापावा. डोंगरावरच्या त्या बाईंना मी तो वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: ‘डंबेल’ काढून ‘पाण्याची बाटली’ लिहा. ती केलेली आहे.

आपली नम्र,
एक रुग्ण आणि विज्ञान शिक्षिका,
जिल्हा सातारा

सोबत:
१. व्यायाम-सूचनापत्राचा मसुदा, एक पान, पाठपोट.
२. माझ्या डिस्चार्ज कार्डाची छायाप्रत, रुग्णालयाचे व डॉक्टरांचे नाव झाकून.